खड्याचं बारसं

"अहो, हा खडा हलतोय," मी म्हटलं.

आमचे हे कॉम्प्युटरसमोरून उठून पाणी प्यायला निघाले होते, ते दारातच थांबले. रविवारची दुपार होती. मी शेजारी फरशीवर ताट ठेवून दुसऱ्या दिवशीची तूरडाळ निवडत बसले होते आणि अधूनमधून माझी नजर पडद्याकडे जात होती. त्यावरही डाळीसारखंच काहीतरी पसरलं होतं, काळ्यावर पांढरे ठिपके.

"खडा कुठला? ते तारे आहेत," हे म्हणाले.

"असतील तारे. पण हा एक त्यांच्यातला नाही. बाकीचे जागच्या जागी आहेत आणि हा सरकतोय. आधी इथं होता, मग इथं, आता बघा इथं."

हे वाकून बघायला लागले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आणि मग जे मटकन खाली बसले ते नेमके माझ्या ताटावर. पाव किलो डाळ खोलीभर झाली, पण त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

हे म्हणजे घोडके सर. बार्शीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्या वर्षी त्यांनी शाळेचं नाव एका परदेशी मोहिमेत घातलं होतं. तिकडची मोठी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं चार फोटो काढायची. ते फोटो जगभरच्या शाळांना यायचे आणि शाळांनी ते एकामागोमाग एक चालवून बघायचे. तारे हलत नाहीत. जो ठिपका हलतो तो लघुग्रह, म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणारा दगड. परीक्षा तोंडावर आली म्हणून मुलं पसार झाली होती आणि हे एकटेच तीन आठवडे डोळे फोडत बसले होते. एकदा त्यांना एक लघुग्रह सापडलाही होता, पण तो चष्म्यावरचा आमटीचा डाग निघाला.

आता मला कसा दिसला म्हणाल, तर त्यात माझी हुशारी काही नाही. माझी आई डाळमिलमध्ये निवडणीला जायची. सहाव्या वर्षापासून मी तिच्या शेजारी बसून डाळ निवडलेली आहे. पोत्यात एक खडा सापडला तरी मुकादम अख्खं पोतं परत पुढ्यात ओतायचा. हजार दाण्यांत जो आपला नाही तो माझ्या डोळ्याला आपोआप टोचतो, इतकंच.

फॉर्म भरताना हे म्हणाले, "शोधणाऱ्याच्या नावापुढे तुझं नाव घालतो."

"माझं कशाला? तुमचं घाला की!"

"मी कुठं शोधला? मी तर पाणी प्यायला निघालो होतो. खोटं कसं लिहू?"

तर असा यांचा स्वभाव. नाव घातलं, सौदामिनी घोडके. आणि मग सात वर्षं काही नाही. कारण एकदा दिसून भागत नाही. पुढे जगातल्या कुणाकुणाच्या दुर्बिणींना तो पुन्हा पुन्हा दिसावा लागतो, त्याची फिरण्याची वाट पक्की ठरावी लागते, तेव्हा कुठं त्याला कायमचा नंबर मिळतो. तोवर दवाखान्यातल्या बाळाच्या मनगटाला बांधतात तसली आकड्या-अक्षरांची पट्टी. मी तर विसरूनही गेले होते.

सात वर्षांनी, हे रिटायर झाल्यावर, एका सकाळी मेल आला. खड्याला नंबर मिळाला होता आणि सौदामिनी घोडके यांनी त्याला नाव सुचवावं, असं लिहिलं होतं.

यांना मी बजावलं होतं, कुणाला बोलू नका. पण हे दाढी करायला गेले. दाढी होईपर्यंत अर्ध्या गावाला कळलं आणि चेहऱ्याला तुरटी फिरेपर्यंत उरलेल्या अर्ध्याला.

दुपारी भाऊसाहेब हजर. भाऊसाहेब म्हणजे यांच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, शिवाय माजी नगराध्यक्ष. बसायच्या आधीच म्हणाले, "सर, ठरलं ना मग? आमच्या तात्यांचं नाव."

"भाऊसाहेब, त्याचे नियम आहेत," हे म्हणाले. "तुमचे वडील आमदार होते. राजकारणातल्या माणसाचं नाव द्यायचं, तर तो वारल्याला शंभर वर्षं व्हावी लागतात."

"तात्यांना जाऊन अकरा झाली."

"मग एकोणनव्वद राहिली."

भाऊसाहेबांनी हनुवटी खाजवली. "अर्ज आत्ताच टाकून ठेवला तर?"

"आणि नाव इंग्रजी सोळा अक्षरांत बसलं पाहिजे."

"सोळा? अहो, तात्यांच्या नावाआधी नुसतं 'शिक्षणमहर्षी सहकारतपस्वी' एवढं लागतं. ते कुठं बसवायचं?"

"बसत नाही ना."

"मग दुसरा मोठा दगड बघा की, सर! एवढं आकाश पडलंय!" असं म्हणून भाऊसाहेब चहा पिऊन गेले, पण हार मानून गेले नाहीत, हे आम्हाला नंतर कळलं.

शेजारच्या पाटणेकाकूंना त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचं, मोत्याचं नाव हवं होतं. पाळलेल्या जनावरांची नावं घेत नाहीत म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, "मग तुमचंच द्या की हो, सौदामिनीताई!"

"तेही चालत नाही," हे म्हणाले. "शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा संकेत आहे."

मला हायसं वाटलं. सौदामिनी हे नाव मला तसंही कुणाला द्यायचं नव्हतं.

का, ते सांगते. त्यासाठी आधी वन्सं सांगायला हव्यात. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, मंदाकिनीबाई. राहायला कुर्डुवाडीला, पण आवाज असा की कुर्डुवाडीत बोलल्या तर बार्शीत दार उघडावं. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, ते त्यांनीच काढलेलं. माझ्याआधी माझ्या आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. अशा घरात पुढच्या लेकराचं ठेवतात तसलं माझं नाव ठेवलं होतं, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. वन्संनी ते पत्रिकेवर वाचलं आणि तोंडाला पदर लावला. "शी! हे काय नाव आहे? आमच्याकडं नाही चालायचं." झालं! एकोणीस वर्षं ज्या नावानं मी जेवले, रडले, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, ते तांदळात पुसलं गेलं आणि वर सौदामिनी उमटलं. डाळ निवडणाऱ्या पोरीची वीज झाली. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी मीच निवडले आणि त्यांचा भात केला. माहेरी आई होती तोवर कुणीतरी जुन्या नावानं हाक मारायचं, ती गेल्यावर तेही थांबलं. भाऊसुद्धा ताई म्हणतो.

तर मेल आल्याच्या तिसऱ्या दिवशी वन्सं एसटीनं आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी पहिला प्रश्न, "मुलगा का मुलगी?"

"आक्का, तो लघुग्रह आहे," हे म्हणाले.

"असू दे. जन्मवेळ काय?"

"साडेचार अब्ज वर्षांपूर्वी."

"विश्वा, मी वेळ विचारली. वर्ष नाही विचारलं."

मग यांनी त्यांना समजावायचं मनावर घेतलं. स्वयंपाकघरात फरशीवर मधोमध नारळ ठेवला, तो सूर्य. लिंबू म्हणजे पृथ्वी. त्यापलीकडे एक टोमॅटो आणि पार दाराशी लाल भोपळा. मग माझ्या ताटातला एक खडा उचलून टोमॅटो आणि भोपळा यांच्या मधून गुडघ्यांवर रांगत रांगत गोल फिरवला. "ही त्याची वाट, आक्का. एक फेरी चार वर्षं दोन महिने."

"टोमॅटो म्हणजे कोण?"

"मंगळ."

"आणि तो भोपळा?"

"गुरू."

वन्संनी गालावर हात मारला. "अगं बाई! मंगळ आहे हिला! पण गुरूची दृष्टी आहे, निभावेल."

"आक्का, ही नाही, तो."

"चार-चार वर्षं त्या नारळाभोवती फिरतीये, थांबत नाही, बोलत नाही, ढुंकून कुणी बघत नाही. मुलगीच आहे."

यांनी खडा परत माझ्या ताटात टाकला. टोमॅटोची मी संध्याकाळी चटणी केली.

जेवताना वन्संनी निकाल सांगितला. "मेल आला तो दिवस जन्माचा धरू. बाराव्या दिवशी बारसं. नाव आत्या ठेवते, म्हणजे मी."

"पण आक्का, घाई नाही. दहा वर्षांची मुदत आहे," हे म्हणाले.

"दहा वर्षं बिननावाचं पोर घरात ठेवता? मी एकाहत्तरची आहे, विश्वा." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. वन्संचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तुमच्या घरात काही जन्माला आलं नाही म्हणून मी पस्तीस वर्षं गप्प बसले. कधी एक अक्षर बोलले? आता आलंय. माझा मान मला द्या."

आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं जे काही रडायचं ते आमचं केव्हाच रडून झालं होतं, आणि वन्संही त्यासाठी रडल्या असतील हे मला कधी सुचलं नव्हतं. पण म्हणून काय झालं? हे मात्र लगेच विरघळले. "दिला शब्द, आक्का. तू बारशाला जे नाव ठेवशील, तेच तिथल्या तिथं टाईप करून पाठवतो."

मला कुणी विचारलंच नाही!

सकाळी वन्सं आंघोळीला गेल्यावर मी यांना ओट्यापाशी गाठलं. "शब्द कुणाचा, दगड कुणाचा? शोधला कुणी?"

"तू."

"मेल कुणाच्या नावावर आला?"

"तुझ्या. पण आक्काचं मन..."

"त्यांनी मागच्या वेळी नाव ठेवलं, ते मी पस्तीस वर्षं वागवतेय. आता ह्याला काय करणार? तारकासुंदरी? गगनमोहिनी? तो बिचारा जन्मभर वागवत बसेल आणि त्याचा जन्म संपतही नाही म्हणता." मी हातातलं उलथनं ओट्यावर आपटलं. "तुम्ही टाईप करा खुशाल. पण शेवटची कळ मी दाबणार. नाव मला पटलं नाही, तर साठ बायकांसमोर सांगेन, दाबत नाही म्हणून."

यांचा चेहरा कढीसारखा फाटला. "अगं, आक्का परत उंबरा चढायची नाही."

"नको चढू देत," असं मी म्हटलं खरं. पण हे म्हणाले ते खोटं नव्हतं. यांना आई नाही, बाप नाही, आहे ती ही एक बहीण.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि वन्सं घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत बसलो होतो. तीन किलो हरभरे, दोन ताटं आणि मधे दोघींच्या तोंडाला कुलूप. शेवटी वन्सं म्हणाल्या, "तुला माझ्या हातून बारसं नकोय. मला कळतं. विश्वाच्या तोंडावर लिहिलेलं असतं सगळं."

मग मीही बोलले. "एकदा ठेवलंत की नाव, वन्सं. माझं. अजून कुणी 'सौदामिनी' म्हणून हाक मारली की मी आधी मागं वळून बघते, कुणाला बोलावतायत म्हणून. पस्तीस वर्षं झाली."

वन्संचा हात ताटात थांबला. "मग तुझं ते आधीचं काय होतं गं?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुसलं ते पुसलं, आणि वर विसरल्या! "विसरलात ना? मग राहू द्या."

"चिडू नकोस. मी कुर्डुवाडीला गेले तेव्हा गोदावरी होते. गोदी म्हणायचे आमचे दादा. सासूबाईंनी मंदाकिनी केलं. मला कुठं कुणी विचारलं? हे असंच असतं म्हटलं. मग तुझ्या लग्नात वाटलं, चला, आता माझी पाळी आली." त्यांनी एक खडा उचलून फरशीवर टाकला. "आपली पाळी आली म्हणून मी दुसरीचं काढून घेतलं. असं असतं बायकांचं."

"हे मला आत्ता सांगून काय उपयोग?" मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही. उरलेले हरभरे आम्ही निवडून टाकले. संध्याकाळी वन्सं कुठंतरी जाऊन आल्या. कुठं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आमच्या अंगणात साठ बायका, शाळेचा निम्मा स्टाफ आणि त्यांच्यावर भाऊसाहेबांचा फ्लेक्स. वीस फुटी! त्यावर तात्यांचा हात जोडलेला फोटो, त्यांच्या डोक्याभोवती शनीची कडी आणि खाली ठळक अक्षरांत 'तात्या आता अंतराळात'. 

"भाऊसाहेब, अहो, नाव अजून ठरलं नाही," हे म्हणाले.

"फ्लेक्सवाल्याला सुट्टी होती पुढं, म्हणून आधी करून घेतला," भाऊसाहेब म्हणाले. "आणि सर, तो काय तुमच्या नियमांत बसत नाही. तो कंपाउंडला बांधलाय."

पाटणेकाकूंचा पाळणा आणला होता, झेंडू लावून टांगला होता. आता पाळण्यात ठेवायचं काय? एरवी बारशाला बाळाच्या आधी वरवंटा ठेवतात. त्याला बाळासारखं नटवून एकीनं पाळण्याखालून द्यायचा, दुसरीनं वरून घ्यायचा, देवांची नावं घ्यायची आणि मग खरं बाळ. इथं वरवंटा हेच बाळ. मिक्सर आल्यापासून आमचा वरवंटा मागच्या दाराला लावून ठेवायच्या कामी होता. त्याला हे सकाळीच साबणानं धुवून बसले होते.

तेवढ्यात वन्संनी पिशवीतून एक कुंची काढली. बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येते ती. हिरव्या खणाची, कडेला मोत्यांची झालर, घड्यांवर पिवळी पडलेली. कुंची नवी नव्हती, पण कुणी घातलेलीही नव्हती.

"कधी शिवलीत ही?" मी विचारलं.

"तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी," वन्सं म्हणाल्या आणि वरवंट्याच्या डोक्याला कुंचीचे बंद बांधायला लागल्या. गाठ काही बसत नव्हती. शेवटी ती मी बांधली.

आता सांगा, अशा बाईला साठ जणींसमोर नाही कसं म्हणायचं? पण गगनमोहिनीला हो तरी कसं म्हणायचं? हे पाळण्याशेजारी पाटावर बसले होते, डोक्यावर टोपी, मांडीवर लॅपटॉप, दोन्ही हात कळांवर, सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखे. फॉर्ममधली नावाची जागा रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला त्यांची दयाच आली.

वरवंटा खालून वरून फिरला. साडेतीन किलोचा तो, दोघीतिघींच्या हातून निसटता निसटता वाचला. एकदा पायावर पडला असता तर पाटणेकाकू मोत्याला भेटायला गेल्या असत्या. मग तो पाळण्यात निजवला आणि वन्सं त्याच्या कानाशी वाकल्या. म्हणजे जिथं कान असावा असं त्यांना वाटलं तिथं.

आत्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या मारायच्या, अशी आमच्याकडची रीत आहे. माझ्या लक्षात आलं, की मला आजवर अशी संधी मिळालेली नाही. नणंदेच्या पाठीत, सर्वांदेखत, मानानं! मी काय सोडते होय? सगळ्यांत पुढं घुसले आणि पहिली सणसणीत घातली. "कुर्रर्र!" बायका ओरडल्या. दुसरी पहिलीपेक्षा जोरात घातली. तिसरीला हात वर नेला आणि वन्संनी वरवंट्याच्या कानात नाव सांगितलं. मी अगदी जवळ होते, म्हणून मला सगळ्यांच्या आधी ऐकू आलं.

माझा हात तसाच वर राहिला.

वन्सं सरळ झाल्या, पाठ चोळली आणि कुर्डुवाडीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "धोंडी!"

भाऊसाहेबांनी शेजारच्याला विचारलं, "धोंडी कोण?"

यांचे हात कळांवरच थिजले होते. "आक्का," हे पुटपुटले, "अगं, ते हिचं... लग्नाआधीचं... शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नसतं. संकेत आहे."

"स्वतःचं कसं?" वन्संनी कमरेवर हात ठेवले. "हिचं नाव सौदामिनी आहे. मीच ठेवलंय. विचार हिच्या आधार कार्डाला, रेशन कार्डाला, पासबुकाला. धोंडी नावाची बाई आहे का कुठल्या कागदावर? काल हिच्या भावाकडं जाऊन तेसुद्धा विचारून आले. त्याच्याकडंही एक कागद नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज काही कमी झाला नव्हता. "आणि मी विसरले नव्हते गं. लाज वाटत होती, म्हणून विचारलं तसं."

"आक्का, पण त्याचा अर्थ काय लिहू? अर्थ लिहावा लागतो," हे म्हणाले. सर ते सरच.

"दगड," मी म्हटलं. "लिहा, अर्थ दगड. आधीची लेकरं गेली की आई-बाप पुढच्या पोरीला धोंडी म्हणतात. देवाला वाटावं हा नुसता दगड आहे, कशाला न्यायचा. पोर जगावी म्हणून ठेवतात."

हे टाईप करत होते आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या. पाटणेकाकू तर मोकळ्या रडत होत्या, पण त्या मोत्यासाठी होत्या की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. टाईप करून झाल्यावर यांनी लॅपटॉप माझ्यापुढे धरला. मी पदरानं बोट पुसलं आणि कळ दाबली.

भाऊसाहेबांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या आणि घुगऱ्यांचे दोन द्रोण घेतले. माणूस वाईट नाही. जाताना फ्लेक्स मात्र न्यायला विसरले. पुढं कित्येक उन्हाळे आमच्या गच्चीवर तात्यांच्या जोडलेल्या हातांवर कुरडया वाळल्या.

चार-पाच महिन्यांनी कळलं, नाव मंजूर झालं. त्यालाही आता सहा वर्षं झाली. म्हणजे बारशापासून धोंडीची एक फेरी पूर्ण होऊन दुसरी निम्मी झाली. हे तारखा सांगतात, आता ती इकडं आहे, आता तिकडं आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि मला त्याची घाईही नाही. मी तिला एकदा बघितलेली आहे.

पण मला आठवते ती बारशाच्या दिवसाची संध्याकाळ. बायका गेल्या होत्या, हे पाटणेकाकूंचा पाळणा पोचवायला गेले होते. मी वरवंट्याची कुंची सोडवली, घडी घातली आणि वन्संना द्यायला गेले. त्या अंगणात खुर्चीवर पाठ टेकून बसल्या होत्या, म्हणजे टेकायचा प्रयत्न करत होत्या.

"राहू दे तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "आणि काय गं, दुसरी बुक्की एवढी जोरात मारायची काही गरज होती?"

"होती," मी म्हटलं.

वन्संनी माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागल्या. हसल्या की पाठ दुखायची, पाठ दुखली की अजून हसू यायचं. मग मलाही आवरेना. दोघी म्हाताऱ्या रिकाम्या अंगणात तात्यांच्या फ्लेक्सखाली पोट धरून हसत होतो. शेवटी मी कुंची कपाटात ठेवायला आत गेले आणि मागून त्यांची हाक आली.

"धोंडे! आल्याचा चहा टाक गं."

मी मागं वळून बघितलं नाही. ओ दिली आणि आधण ठेवलं.